वाढतं अंग

आमच्या दस्तगीर मास्तरांचं ठाम मत आहे की माणूस मरेपर्यंत वाढतच असतो. हे ते नुसतं बोलत नाहीत, शिवून दाखवतात. त्यांनी शिवलेला एकही शर्ट सोमाटण्यात कुणाच्या अंगाला बसलेला मी पाहिला नाही. सगळे दोन बोटं, चार बोटं ढगळ. एक सोडून, आणि त्या एकाचं पुढं सांगते. पहिलीतल्या पोराचा गणवेश चौथीपर्यंत पुरावा म्हणून मोठा शिवला तर समजू शकतं. पण आमच्या आळीतल्या एक्याऐंशी वर्षांच्या बबनआबांना नातवाच्या लग्नासाठी सदरा शिवला, तर त्याच्या बाह्या आबांच्या नखांपर्यंत आल्या. आबा तरातरा दुकानात आले आणि हात झाडून दाखवायला लागले. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"असू द्या आबा. वाढतं अंग हाय."

"आता काय सरणावर वाढू?"

"बाही दुमडा. पर कापाया सांगू नका. कापल्यालं परत लावता येत न्हाई."

आबांनी बाही दुमडली. मास्तरांपुढं सगळेच शेवटी बाही दुमडतात.

आता हे मला कसं ठाऊक, ते सांगते. फाट्यावरून आत वळलं की डाव्या हाताला माझी पिठाची गिरणी, आणि तिला लागूनच मास्तरांचं टेलरिंगचं दुकान. मध्ये फक्त एक पत्रा. माप घेताना मास्तरांचे दोन्ही हात टेपात गुंतलेले, चष्मा कपाळावर, मग लिहिणार कोण? ते पत्र्यावर दोन टिचक्या मारतात आणि हाक देतात, "वैनी, लिवा." मी माझ्या दळणाच्या वहीत मागच्या पानावर लिहिते. छाती अडतीस, उंची एकोणतीस, गळा पंधरा. वीस वर्षं हे चाललंय. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या कमरा मला पाठ आहेत, आणि कुणाची किती सुटली तेही. मी कुठं बोलत नाही. पण निवडणुकीला कुणी उभं राहिलं की त्याच्या चिन्हाआधी मला त्याचं पोट आठवतं.

गंमत म्हणजे मास्तर ती वही कधी उघडूनही बघत नाहीत. "टेप खोटं बोलतो वैनी," ते म्हणतात. "मान्सं श्वास आत वढून हुबी ऱ्हात्यात. डोळा खोटं बोलत न्हाई." मी एकदा चिडून विचारलं, "मग मला कशाला लिहायला लावता? माझं दळण करपतं तिकडं."

"मोठ्यानं आकडा आयकला की गिऱ्हाइकाला बरं वाटतं," मास्तर म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

तो जो एक शर्ट बसला, तो आमच्या ह्यांचा. सात वर्षांपूर्वी ह्यांना पोटाचं दुखणं जडलं, आणि त्याच वर्षी मुलीचं लग्न ठरलं. ह्यांना दुकानापर्यंत चालवत नव्हतं, म्हणून मास्तर टेप गळ्यात घालून घरी आले. हे पलंगाच्या कडेला उभे राहिले. मास्तरांनी टेप गुंडाळला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "छाती चाळीस. पोट अडतीस. लिवा वैनी." मी लिहिलं. हे इतके खूश झाले की विचारू नका. "बघ," मला म्हणाले, "चाळीसची चाळीस आहे. तू उगाच खंगलात, खंगलात म्हणून जीव खातेस." दवाखान्यातले आकडे वेगळं सांगत होते, पण चाळीस म्हणजे चाळीस. वर्षानुवर्षं मीच तर लिहीत आले होते. त्या दिवशी हे दीड भाकरी जेवले.

आणि शर्ट आला तो अंगाला असा बसला, असा बसला, की मीच बघत राहिले. ना ढगळ, ना घट्ट. मी मास्तरांना म्हटलं, "जन्मात पहिल्यांदा माप जमलं हो तुम्हाला." मास्तरांनी दातांनी दोरा तोडला. "चुकून झालं आसंल," म्हणाले. हे तो शर्ट घालून मांडवात खुर्चीवर बसले, दोन तास बसले, आणि दोन महिन्यांनी गेले.

असो. मला सांगायचंय ते मांजरीचं.

मास्तरांना मांजर म्हटलं की तिडीक. कापडावर बसतं, केस सोडतं, दोऱ्याच्या रिळांशी खेळतं. पूर्वी गल्लीत मांजर दिसलं की ते हातातली पट्टी मशीनवर आपटायचे. मला स्वतःला मांजराचं कौतुक नाही, पण गिरणीला एखादं लागतंच, उंदरांसाठी. आमचं हे भांडण जुनं.

मग दीड वर्षापूर्वी एका दुपारी पत्र्यावर टिचक्या वाजल्या. "वैनी, जरा हिकडं या." गेले तर कटिंगच्या टेबलावर, कुणाच्या तरी सफारीच्या कापडावर, मूठभर पिल्लू. राखाडी, डोळे नुकते उघडलेले असावेत असं. हायवेला टेम्पोखाली आलं होतं. पुढचे दोन पाय चालत होते, मागचे दोन नुसते लोंबत होते, ओल्या फडक्यासारखे. मास्तर म्हणाले, "मी बगत न्हवतो. पर ते पुडल्या पायांनी रस्ता वलांडाया निगालं. निम्मंच आंग, आन् रस्ता वलांडाया निगालं."

तळेगावात जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, तरुण, बोलायला सरळ. त्यांनी एक्स-रेचा फोटो काढला, पाठीचा कणा मोडलाय म्हणाल्या. मागचे पाय कधी चालणार नाहीत. लघवीसुद्धा आपण होऊन होणार नाही, पोटाला दोन बोटं लावून हलकेच दाबून काढावी लागेल, दिवसातून चार वेळा, जन्मभर. एकदा चुकलं की आत साचून मूत्रपिंड खराब. शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, त्रास बघता, कायमची झोपवून टाकू या का?"

"झोपती की ती चांगली," मास्तर म्हणाले. "आत्ता येतानाबी पिशवीत झोपली हुती."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

नाव ठेवलं बॉबीन, कारण मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबीनसारखी टेबलावरून सारखी घरंगळायची. चार वेळा दाबायचं होतं तर मास्तरांनी पाच वेळा ठरवलं. "अजान झाली की आठवन ऱ्हाती. नमाज झाली की बॉबीन." पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाताला जमेना, मग एकदम जमलं. कापडाच्या आत टाका कुठं बसलाय ते बोटांना कळतं, तसं कळलं म्हणाले. बॉबीन तक्रार करायची नाही. काम चालू असताना ती दुसरीकडं बघायची, बाईमाणसानं बघावं तशी.

मग लंगोट. बाजारातले लहान बाळांचे मिळतात ते महाग, आणि तिला मोठे. मास्तरांनी गणवेशांच्या चिंध्यांचं पोतं काढलं. आत जुन्या धुतलेल्या मलमलीची घडी, बाहेर गणवेशाचं कापड, शेपटीला भोक, बाजूला नाडी. सोमवारी बॉबीन जिल्हा परिषदेची खाकी, मंगळवारी वराळ्याच्या इंग्रजी शाळेची निळी चौकडी, बुधवारी मरून. मावळातल्या सगळ्या शाळा ती आठवड्यात फिरून यायची. आणि अर्थातच सगळे लंगोट ढगळ, काखेपर्यंत यायचे. मी म्हटलं, "मास्तर, निदान हिला तरी अंगाबरोबर शिवा."

"वाढतं अंग हाय वैनी."

पण ही चैन नव्हती हो. शाळांनी गणवेश तयार घ्यायला सुरुवात केली तेव्हापासून मास्तरांचं दुकान म्हणजे फॉल-पिको, चेन बदलणे आणि उसवलेल्या गाद्या. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन साताऱ्याकडं. दुकानाच्या मागच्या खोलीत एकटा जीव. त्यात औषधं, तपासण्या. डॉक्टरीणबाईंची फी त्यांनी शिवून फेडली. दवाखान्यातल्या सगळ्यांना एप्रन शिवून दिले. डॉक्टरीणबाई त्या एप्रनच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून इंजेक्शन देतात. मग एक दिवस इंटरलॉकचं मशीन दुकानात दिसेना. मी विचारलं तर म्हणाले, "आवाज लय करायचं. बॉबीनची झोपमोड व्हायची." मशीन विकायचं कुणाला म्हणून त्यांनी माझ्याच चुलतदिराला विचारलं होतं, ते मला आधीच कळलं होतं.

लोणावळ्यात बंगल्यांचे पडदे शिवायचं काम मिळालं तेव्हा मास्तर बॉबीनला पिशवीत घालून बेगडेवाडीला लोकल पकडायचे. दुपारची वेळ चुकायला नको म्हणून. एका बंगल्यात त्यांनी "बाईसाहेब, जरा बाथरूम" म्हणून पिशवीसकट आत जाऊन दार लावलं. बाईंना वाटलं, नळ चोरतायत की काय. दार उघडलं तर मास्तर उकिडवे बसून मांजराला "झालं, झालं, हुशार ती" म्हणतायत. बाई विरघळल्या. पुष्कळ फोटो काढले. अशा मांजरांना मागं चाकाची गाडी मिळते, परदेशातून मागवून देते म्हणाल्या. मास्तर महिनाभर कुरियरवाल्याची वाट बघत होते. दर दोन दिवसांनी मला विचारायचे, "गिरनीत तर न्हाई ना टाकून ग्येला?" नंतर विचारायचे बंद झाले. पडदे मात्र जमिनीवर लोळतायत अशी त्या बाईंची तक्रार आली, तेव्हा म्हणाले, "पयल्या धुन्यात आटतील. पडद्याचं येगळं असतं."

मग त्यांनीच एक गाडी केली. खेळण्यातल्या मोटारीची चाकं, बांगडीच्या डब्याची पट्टी आणि इलॅस्टिक. बॉबीनला ती बांधली. एक मिनिट ती तशीच उभी राहिली, आणि मग सुसाट सुटली ती दुकानातून रस्त्यावर, रस्त्यावरून माझ्या गिरणीत, आणि थेट पिठात. चार बायका दळणाला बसलेल्या, त्या हसून हसून लोळायच्या बाकी. मास्तर दारात उभे होते. पांढरीफटक मांजर चाकांवर गोल गोल फिरत होती, आणि मास्तर रुमालानं चष्मा पुसत म्हणाले, "पीठ उडालं डोळ्यात."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दर आठवड्याला वजन करायचं, त्यावरून औषध किती द्यायचं ते ठरतं. म्हणून शुक्रवारी नमाज झाली की मास्तर तिला घेऊन गिरणीत यायचे. मी काट्यावर टोपली ठेवायचे, टोपलीत बॉबीन. मास्तर तोंड फिरवून कॅलेंडरकडं बघत उभे राहायचे. काट्यावर विश्वास नाही म्हणायचे. आकडा मीच वाचायचा. साडेसातशे. नऊशे. किलो. एक किलो दोनशे. दर वेळी मास्तर मान हलवायचे. "वाढतं अंग हाय."

श्रावणात तिला लघवीचा संसर्ग झाला, बरा झाला, परत झाला. खाणं कमी झालं. एका शुक्रवारी काट्यानं एक किलो ऐंशी ग्रॅम दाखवलं. मी आकडा वाचायला तोंड उघडलं, आणि मास्तरांची पाठ दिसली. कॅलेंडरकडं बघणारी, ताठ. माझ्या तोंडून निघालं, "एक किलो दोनशे. तेवढंच आहे."

पुढच्या शुक्रवारी नऊशे साठ होतं. मी म्हटलं, एक किलो दोनशे पन्नास.

"वाटलंच," मास्तर म्हणाले. "अंगात भरतीय."

असं पाच शुक्रवार चाललं. खोटं एकदा तोंडातून गेलं की परत कुठून घेणार? दर वेळी ठरवायचे, आज खरं सांगायचं. औषध वजनावर ठरतं, हे मला ठाऊक होतं. त्या एवढ्याशा जिवाला जास्तीचा डोस जात असेल, माझ्यामुळं, हेही कळत होतं. आणि टोपलीत बॉबीन दिसली की जीभ उचलायची नाही. मी माझ्या गिरणीत कधी कुणाचं दळण दहा ग्रॅमनं कमी तोललेलं नाही, शपथेवर सांगते. आणि पाच आठवडे मी खोटा काटा वाचला.

एका मंगळवारी दुपारी मास्तर दारात आले. गिरणी चालू होती, आवाजात बोलता येत नाही, म्हणून ते थांबून राहिले. शेवटचं दळण उतरलं, मी बटण बंद केलं, पट्टा हळूहळू थांबला. मग ते म्हणाले, "वैनी, आता काट्याचं काम न्हाई."

दुकानामागच्या शेवग्याखाली आम्ही दोघांनी तिला पुरलं. कोटाला लावतात ते गुळगुळीत अस्तराचं कापड त्यांनी गुंडाळलं होतं. माती मी लोटली, त्यांचे हात चालेनात.

तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मांजरासाठी रडणारी बाई मी नव्हे. पण मी तिला मारलं की काय, हे डोक्यातून जाईना. शुक्रवारी गिऱ्हाईक नसताना मास्तरांच्या दुकानात गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. "मास्तर, मी वजन खोटं वाचलं. पाच आठवडे. ती कमी होत होती, आणि मी वाढतेय म्हणून सांगितलं. औषध चुकलं असेल ते माझ्यामुळं."

मास्तरांनी मशीनवरून पाय काढले. फळीवरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातले लंगोट एकेक करून टेबलावर मांडायला लागले. खाकी. निळी चौकडी. मरून. आधीचे ढगळ, काखेपर्यंतचे. मग एक जरा लहान. मग त्याहून लहान. शेवटचा पांढरा होता, माझ्या तळहातावर मावला. पाच आठवड्यांचे पाच, आणि एकालाही आत जास्तीचं कापड दुमडलेलं नव्हतं. पाचही अगदी अंगाबरोबर.

"मला म्हाईत हुतं वैनी," मास्तर म्हणाले. "हात रोज फिरत हुता तिच्यावरनं. डॉक्टरला मी खरं सांगत हुतो. औषिद बरोबर ग्येलं. तुमी जिवाला लावून घेऊ नका."

मी खुर्चीवर बसले. मग मला रागच आला. "मग मला का नाही म्हणालात? मी आठवडाभर तळमळायची, आणि तुम्ही वर म्हणता, वाढतं अंग हाय."

"ती टोपलीत बसल्याली असायची ना," मास्तर म्हणाले. "तिच्यासमोर कसं बोलायचं? तुमी बरोबरच वाचत हुता." त्यांनी शेवटचा लंगोट हातात घेतला आणि त्याची नाडी सरळ करायला लागले. "आमचा बा शिकवून ग्येला. आजारी मानूस मापाला आला, तर उतारलेला आकडा त्येच्या कानावर घालायचा न्हाई. जुनाच आकडा मोठ्यानं सांगायचा. शिवायचं मातर डोळ्यानं, आंगाबरोबर. अशा मान्साला ढगळ कापड दिलं की त्येला आरशात कळतं."

नाडी सरळ करणारी मास्तरांची बोटं थांबली, आणि ते एकदम उठून चहा सांगायला बाहेर गेले.

घरी आले ती तडक कपाटाशी. ह्यांचा तो मुलीच्या लग्नातला शर्ट काढला. त्याच्यावर आदल्या वर्षीचा, मास्तरांनीच शिवलेला, नेहमीसारखा ढगळ शर्ट पसरला. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरली. लांबीत नाही, नुसती रुंदीत, आणि नेहमीच्या ढगळपणाहून कितीतरी जास्त. मी टेप लावला नाही. टेपची गरज नव्हती. चाळीस मीच लिहिलं होतं, माझ्या हातानं, आणि ह्यांनी दीड भाकरी खाल्ली होती. सात वर्षं मी समजत होते की मास्तरांकडून चुकून झालं. दोन्ही शर्ट मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. रडले. कशाला लपवू?

पुढच्या आठवड्यात मास्तर दोन किलो ज्वारी घेऊन दळायला आले. पूर्वी पाच किलो आणायचे. अंगातला सदरा त्यांचाच, स्वतःच्याच हातचा, आणि त्या सदऱ्यात मास्तर कुठंतरी आत होते. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, कॉलरमध्ये मान हलत होती. आता दिवसातून पाच वेळा त्यांची वाट बघणारं दुकानात कुणी नव्हतं. मी ज्वारी काट्यावर ठेवली. मग त्यांच्याकडं नीट पाहिलं, आणि दळणाला बसलेल्या चारही बायकांना ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात म्हटलं, "मास्तर, तब्येत सुधारली हो तुमची. सदरा घट्ट व्हायला लागलाय."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मग हाताची उतरलेली बाही त्यांनी एक घडी वर दुमडली.

"व्हय वैनी," म्हणाले. "वाढतं अंग हाय."